पहिलाच हायकू: अक्षरे मोजावीत की यमक जुळवावे?

माटुंगेकर:
शिरीष पै यांचे हायकू, म्हणजे जपानी धर्तीच्या तीन ओळींच्या कविता, बरेच दिवस वाचत होतो. परवाच्या मुसळधार पावसात लोकल कुर्ल्याच्या अलीकडे रखडली, तेव्हा प्रथमच स्वतः लिहिण्याचे धाडस केले.

मनात माझ्या
एकटेपण दाटे
पाऊस वेडा

जपानी पद्धतीप्रमाणे पाच-सात-पाच अक्षरे राखली आहेत. परंतु शिरीषताईंच्या हायकूंत अक्षरसंख्येपेक्षा दोन ओळींचे यमकच अधिक जाणवते. नवशिक्याने कोणता नियम पाळावा? आणि हे लेखन चारचौघांत दाखवण्याजोगे आहे का, तेही स्पष्ट सांगावे.

जुना वाचक:
अक्षरे बरोबर आहेत, पण हायकू अजून झालेला नाही. एकटेपण दाटल्याचे तुम्ही सांगून टाकलेत आणि पावसाला वेडा ठरवूनही मोकळे झालात. वाचकासाठी काही उरलेच नाही. जपानी कवी बाशोच्या १६८६ सालच्या प्रसिद्ध हायकूत जुने तळे, त्यात उडी घेणारा बेडूक आणि पाण्याचा आवाज एवढेच आहे, कवीला काय वाटले याचा उल्लेखही नाही. गाडी रखडली तेव्हा डब्यात प्रत्यक्ष काय दिसत होते, ते लिहा.

दादरकरीण:
अक्षरगणतीचा फार धसका घेऊ नये. जपानीत जे ध्वनी मोजतात ते आपल्या अक्षरांशी तंतोतंत जुळत नाहीत. तिथे दीर्घ स्वराचे दोन धरतात, त्यामुळे तोक्यो हे नाव त्यांच्या हिशेबाने चार ध्वनींचे होते, आपल्या हिशेबाने मात्र दोनच अक्षरांचे. म्हणूनच सतराचा आकडा गाठण्यासाठी ‘हा’, ‘तो’, ‘च’ अशी भरती करण्यापेक्षा ओळ तोकडी राहिलेली बरी. जपानी परंपरेत ऋतू सुचवणारा शब्द महत्त्वाचा मानतात आणि बेडूक तिथे वसंताची खूण आहे. आपल्याला मुंबईत त्यासाठी एक छत्री पुरते. चेरीचा बहर उसना आणण्याचा मोह (तो पुष्कळांना होतो) टाळावा.

माटुंगेकर:
दोघांचेही आभार. डब्यातले आठवून पुन्हा लिहिले:

थांबली गाडी—
बाकाखाली छत्रीचे
वाढते पाणी

जुना वाचक:
हे जमले. गाडी किती वेळ थांबली आणि बसलेल्याचे काय झाले, हे त्या पाण्यावरूनच कळते. पहिल्या ओळीनंतरची रेघ तशीच ठेवा. जपानी कवी अशा ठिकाणी ओघ तोडणारा शब्द योजतात, आपल्याकडे ते काम रेघेवर भागते. खुशाल दाखवा, फक्त वर ‘विरह’ वगैरे शीर्षक देऊ नका.

दादरकरीण:
गाडी आणि पाणी हे काटेकोर यमक नव्हे, नुसते स्वरसाम्य आहे, असे कोणीतरी नक्की म्हणेल. म्हणू द्यावे. मराठी हायकूत यमकाची प्रथा आहे आणि साधले तर ते गोडही लागते. पण ‘पाणी’ला जोड हवी म्हणून डब्यात उगाच ‘गाणी’ सुरू करू नका.