‘फूड ग्रेड’ आहे म्हणे! व्हेपचे फ्लेवर आणि फुफ्फुसं

रसायनवाली:
सध्या ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘व्हेपमध्ये (म्हणजे ई-सिगारेटमध्ये) धूर नसतो, नुसती पाण्याची वाफ. फ्लेवर केक-आइस्क्रीममध्ये घालतात तेच, फूड ग्रेड. उगाच घाबरवू नका.’ इथल्या दोन-तीन आयडींनीही तो कौतुकाने चिकटवलाय, म्हणून हा धागा.

एक तर ती पाण्याची वाफ नव्हे. प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, म्हणजे पीजी-व्हीजी, आतल्या तापणाऱ्या तारेवर, कॉइलवर, तापून उडतात आणि थंड होताना त्यांचे बारीक थेंब बनतात. ग्लिसरीन उकळायला 290 अंश लागतात. पाण्याच्या वाफेचा इथे संबंध कुठे येतो?

दुसरं, ते ‘फूड ग्रेड’. अमेरिकेत फ्लेवर सुरक्षित ठरवणारी जी यादी सगळे दाखवतात, ती फेमा या फ्लेवर उत्पादकांच्याच संघटनेची. आमची यादी फक्त खाण्यापुरती आहे, तिच्या जिवावर ई-सिगारेटला सुरक्षित म्हणू नका, असं फेमानेच जाहीर सांगितलंय. ज्यांचा माल विकला जातो तेच हात झटकतायत, आणि आपले फॉरवर्डवीर शिक्का मारून मोकळे.

खाणं आणि ओढणं यातला फरक जॅस्परने दाखवून दिला. अमेरिकेत मिसूरी राज्यातलं गाव, मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नचा कारखाना. 2000 साली तिथल्या आठ माजी कामगारांना ब्राँकिओलायटिस ऑब्लिटरन्स (फुफ्फुसातल्या बारीक नळ्या बुजण्याचा आजार, यालाच पुढे ‘पॉपकॉर्न लंग’ नाव पडलं) असल्याचं आरोग्य खात्याच्या कानावर गेलं. नायॉशने, म्हणजे कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, तपास केला. टाकीत गरम सोयाबीन तेल, त्यात मीठ, रंग आणि बटर फ्लेवर ओतायचे. त्या मिक्सिंग रूममध्ये काम करणाऱ्यांची फुफ्फुसं सगळ्यात वाईट निघाली. वाफेत होतं डायअसेटिल, बटर फ्लेवरला लोण्याचा वास देणारं रसायन. तेच लोण्यात, बिअरमध्येही असतं आणि पोटात गेलं की शरीर त्याची विल्हेवाट लावतं. श्वासातून गेलं की श्वासनलिकेच्या अस्तरातल्या प्रथिनांना चिकटतं, अस्तर सोलवटतं, दुरुस्ती वेडीवाकडी होते आणि दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्या आतून व्रणाने बुजतात. बुजलेली नळी परत उघडत नाही.

त्यातून नाकाने श्वास घेतला तर पाण्यात विरघळणारा बराच भाग नाकातच अडकतो. व्हेप तोंडाने ओढतात. म्हणजे माल थेट खाली.

कॉइल_मास्तर:
मेसेज बिनडोक आहे, मान्य. पण बाई, तुम्हीही अर्धीच गोष्ट सांगितलीत.

सिगारेटच्या धुरात डायअसेटिल 250 पीपीएमच्या (दहा लाखांत 250 भाग) वर सापडतं. 2014 च्या सुमारास 159 गोड फ्लेवरच्या लिक्विडांची तपासणी झाली. बहुतेकांत डायअसेटिल निघालं, तेही खरं. पण रोजच्या वापराचा हिशोब धरला तर ते सिगारेट ओढणाऱ्याच्या तुलनेत सुमारे शंभर पट कमी भरलं. मग कोट्यवधी सिगारेटवाल्यांना पॉपकॉर्न लंग का नाही? नुसत्या व्हेपमधल्या डायअसेटिलने झाला असं सिद्ध झालेला एक रुग्ण दाखवा. कॅनडातल्या 17 वर्षांच्या मुलाची केस आणू नका, तो गांजाचं तेलही ओढत होता.

ब्रिटनने काय केलं बघा. 2016 पासून निकोटीन 20 मिग्रॅ प्रति मिलीच्या वर नाही, बाटली 10 मिलीची, टँक 2 मिलीचा, डायअसेटिल बाद. घाबरवत बसण्यापेक्षा नियम करा की!

रसायनवाली:
@कॉइल_मास्तर, कित्येक सिगारेटवाल्यांची फुफ्फुसं आधीच सीओपीडीने, म्हणजे श्वास अडण्याच्या जुनाट आजाराने, गेलेली असतात. त्यात बारीक नळ्या कशाने बुजल्या हे शोधायला कोण बसलंय? बायोप्सीशिवाय हा आजार पक्का करणं अवघड आणि बायोप्सी सहसा होत नाही. ‘सापडला नाही’ आणि ‘होत नाही’ यांची गल्लत करू नका.

आणि डायअसेटिल काढून काय घातलं ते सांगा ना. 2,3-पेंटेनडायोन. लोण्यासारखाच वास, उंदरांवर तसाच परिणाम. नायॉशने 2016 मध्ये कामगारांसाठी आठ तासांची मर्यादा सुचवली: डायअसेटिल 5 पीपीबी, पेंटेनडायोन 9.3 पीपीबी. पीपीबी, म्हणजे अब्जात भाग; पीपीएम नव्हे. दुसरा पर्याय असेटॉइन, तर बाटलीत पडून राहिलं की त्याचं हळूहळू डायअसेटिल होत जातं. म्हणजे ‘डायअसेटिल-फ्री’ लेबल भरल्या दिवशी खरं, महिन्यांनी काय? हार्वर्डच्या 2015 च्या तपासणीत 51 पैकी 47 नमुन्यांत या तिघांपैकी निदान एक निघालं.

शिवाय एकट्या लोण्यावरच का अडलोय आपण? दालचिनीच्या फ्लेवरमधलं सिनॅमाल्डिहाइड श्वासनलिकेतल्या केसांची हालचाल मंदावतं, मग कफ वर येणार कसा? व्हॅनिलिन आणि चेरीचं बेंझाल्डिहाइड पीजीबरोबर बाटलीतच अभिक्रिया करून असेटल नावाची नवी रसायनं बनवतात. मूळ फ्लेवरपेक्षा ती जास्त चुरचुरतात आणि लेबलवर त्यांचं नावही नसतं.

भटकभवानी:
अमेरिकेत 68 माणसं मेली व्हेपने, विषय संपला. अजून कसली चर्चा?

कॉइल_मास्तर:
हेच! याचीच वाट बघत होतो. अहो, 2019 चा तो सगळा प्रकार मुख्यतः गांजाच्या काळ्या बाजारातल्या कार्ट्रिजचा. माल पातळ केल्याचं दिसू नये म्हणून त्यात व्हिटॅमिन ई असिटेट ओतलं होतं. 51 रुग्णांच्या फुफ्फुसातलं धुवण तपासलं, 48 जणांत ते सापडलं. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 दाखल, 68 मृत्यू, आणि ते कार्ट्रिजमधून गेल्यावर आकडे उतरले. त्याचा स्ट्रॉबेरी फ्लेवरशी काय संबंध? हेडलाइन वाचून मतं ठोकायची, बस.

भटकभवानी:
हेडलाइन वाचून नाही. आमच्या ऑफिसातला एकजण दिवसभर ते मँगो आइस ओढतो, जिना चढताना भात्यासारखा धापा टाकतो. तुमची धुवणं तुमच्यापाशी.

तिरकीट:
एका माणसाच्या जिन्यावरून विज्ञान. वा! बाकी ही सगळी चर्चा व्यर्थच, भारतात 2019 पासून बंदी आहे. सप्टेंबरात वटहुकूम, डिसेंबरात कायदा. विकलं तर पहिल्यांदा 1 वर्ष किंवा 1 लाख, दुसऱ्यांदा 3 वर्षं आणि 5 लाख. साठा केला तर 6 महिने. मिटलं.

घाटावरचा:
मिटलं?? @तिरकीट, गुटखाबंदी महाराष्ट्रात 2012 ची. कुठल्याही टपरीवर जा आणि मिटलंय का ते बघा.

आणि बंदी कशावर घातली? व्हेपवर. सिगारेट चालू, बिडी चालू. सरकारी एलआयसीच्या खिशात सिगारेटवाल्या आयटीसीचे शेअर, मग काय. बिडीचं तेंदूपान कागदासारखं सच्छिद्र नसतं, विझू नये म्हणून सारखे झुरके मारावे लागतात, टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्त. अशा बिडीवरचा जीएसटी 28 वरून 18 करायचं सप्टेंबर 2025 मध्ये कौन्सिलने ठरवलं, तेंदूपानावरचा 18 वरून 5. गरिबाच्या फुफ्फुसाची किंमत काय ते कळलं.

तिरकीट:
सोलापूरला, सिन्नरला घरोघरी बायका विड्या वळतात. कर वाढवला की मजुरी पहिल्यांदा त्यांची जाते. मुंबईत बसून बोलायला काय जातंय?

घाटावरचा:
मुंबईत नाही, नाव वाचा. आणि त्या बायकांची फार काळजी असेल तर तंबाखूची धूळ त्यांच्याच छातीत जाते हेही लिहा की. हजार विड्यांवर दर मिळतो, त्यात वाकडी विडी म्हणून छाट काढतात ती वेगळी. कर कमी झाला म्हणून दर वाढला का? फायदा कारखानदाराला.

तिरकीट:
म्हणजे धंदा बंद करा आणि बायकांना पर्याय देऊ नका. छान.

घाटावरचा:
असं कुठे लिहिलंय? चष्मा लावा.

रसायनवाली:
तुम्ही दोघं विडीचा वेगळा धागा काढा बघू. पण बंदीचा मुद्दा आलाच आहे तर: कायद्यात ओढणाऱ्यासाठी कलमच नाही. माल येतोय तो चोरून, चिनी डिस्पोजेबल. त्यात काय आहे हे तपासणारं कोणी नाही. बंदी असलेल्या वस्तूला प्रमाणक कुठून असणार?

कॉइल_मास्तर:
हे बाकी लाखातलं बोललात. आता डिस्पोजेबलचं ऐका, कारण नुकसान फ्लेवरइतकंच हार्डवेअर करतं आणि ते कोणी बोलत नाही.

‘5 टक्के’ म्हणजे 50 मिग्रॅ प्रति मिली. 12 मिलीच्या नळकांड्यात झालं 600 मिग्रॅ निकोटीन. सिगारेटमधून अंगात उतरतं 1 ते 1.5. बेंझोइक आम्ल घालून निकोटीनचं सॉल्ट करतात म्हणून घशाला टोचत नाही, आणि पोरं दिवसभर ओढत राहतात.

आत लिक्विड किती उरलंय दिसत नाही, बॅटरी मात्र पुन्हा चार्ज होते. कापूस कोरडा पडला तरी कॉइल तापतेच. तोच ड्राय हिट, कोरडा करपट झुरका. ग्लिसरीन करपलं की अक्रोलिन, पीजी तुटलं की फॉर्माल्डिहाइड आणि असेटाल्डिहाइड. गोडव्यासाठी घातलेला सुक्रालोज कॉइलवर काळा थर धरतो, मग कापसातून रस पुरेसा चढत नाही, की पुन्हा ड्राय हिट. करपट चव आली की टाकून द्यायचं, ‘अजून दोन झुरके’ नाही. कॉइलमधून निकेल, क्रोमियम आणि सोल्डरमधून शिसं उतरतं ते वेगळंच.

रीफिलवाल्यांसाठी: नवी कॉइल बसवल्यावर कापसावर लिक्विडचे पाच-सहा थेंब टाका, टँक भरून दहा मिनिटं थांबा. छोट्या पॉडमध्ये पीजी-व्हीजी 50:50 असलेलं लिक्विड. 70 टक्के व्हीजीचं जाड लिक्विड त्या बारीक भोकांतून उतरत नाही. 3.7 व्होल्टवर 1.2 ओहमची कॉइल 11-12 वॅट खेचते, 0.6 ची दुप्पट. वॅट वाढले की वाफ वाढते, तापमान वाढतं, फ्लेवरचा डोसही वाढतो.

आणि घरी ज्यूस बनवणाऱ्या महाभागांनो, बेकरीच्या दुकानातला इसेन्स घालू नका. त्यातले कित्येक तेलात असतात. तेल फुफ्फुसात गेलं की लिपॉइड न्यूमोनिया.

रसायनवाली:
पीजीचंही सांगा. औद्योगिक पीजीत डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघू शकतं. औषधाला मर्यादा 0.1 टक्का. 2025 मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने लहान मुलं गेली ती यानेच. परवाना असलेल्या औषधात हे होतं, तर चोरट्या ज्यूसचं काय घ्या! अमेरिकेच्या एफडीएने 2009 मध्ये ई-सिगारेटच्या 18 कार्ट्रिज तपासल्या तेव्हाही एकीत सुमारे 1 टक्का निघालं होतं.

एक्सरेवाला:
उशिरा आलो. विडीयुद्ध गाळून वाचलं. कोणी व्हेप ओढत असेल आणि कोरडा खोकला, चढावर धाप महिनोन्‌महिने जात नसेल, तर साधा छातीचा एक्सरे नॉर्मल आला म्हणून सोडून देऊ नका. बारीक नळ्या बुजण्याच्या या आजारात एक्सरे बऱ्याचदा स्वच्छ असतो. स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी) करा, दम्याचा पंप देऊन पुन्हा करा. दम्यात आकडा सुधारतो, इथे सहसा हलत नाही. आकडे बिघडलेले असतील तर एचआरसीटी (फुफ्फुसाचं बारकाईचं सीटी स्कॅन) सांगताना श्वास आत घेतलेला आणि बाहेर सोडलेला, दोन्ही फिल्म मागा. नुसत्या आत घेतलेल्या फिल्मवर अडकलेली हवा दिसत नाही. सोडलेल्या फिल्मवर फुफ्फुसाचे काही तुकडे काळे राहतात, ठिगळं लावल्यासारखे.

आणि ‘काय ओढता’ याचं उत्तर डॉक्टरला पूर्ण द्या. फ्लेवर, दिवसाला किती मिली, गांजाचं तेल होतं का. दम्याचा पंप चालू होतो आणि व्हेपचं कोणी विचारतही नाही.

@भटकभवानी, ऑफिसातल्या त्या गृहस्थांना पाठवा. जिना हे निदान नाही, पण कारण पुरेसं आहे.

भटकभवानी:
बघा! मी हेच म्हणत होते.

कॉइल_मास्तर:
हेच म्हणत नव्हता, असो.

ठीक आहे, कस्टर्ड, बटर, दालचिनी बाद, लिहून देतो हवं तर. पण जो 20 सिगारेटवरून व्हेपवर आला त्याला तुम्ही परत सिगारेटकडे ढकलताय हेही लिहा. ब्रिटनमधली 886 जणांची चाचणी, 2019: वर्षानंतर सिगारेट सुटलेले व्हेपच्या गटात 18 टक्के, निकोटीनच्या गम-पॅचच्या गटात 9.9.

रसायनवाली:
पुढची ओळ गाळलीत. सुटलेल्यांपैकी व्हेप गटातले 80 टक्के वर्षानंतरही व्हेप ओढत होते, दुसऱ्या गटातले 9 टक्के गम-पॅच वापरत होते. सिगारेट सुटली, सवय नाही. आणि ती चाचणी ब्रिटनच्या नियमातल्या बाटलीची होती, तुमच्या 5 टक्केवाल्या नळकांड्याची नव्हे.

20 सिगारेटवाल्याने सिगारेटच ओढत बसावं असं मी म्हटलेलं नाही. पण जो कधी सिगारेटला शिवलाच नाही आणि मँगो आइस घेऊन फिरतो, त्याच्यासाठी तुमचा 18 टक्क्यांचा आकडा कशाला?

कॉइल_मास्तर:
त्याच्यासाठी नाही. ते कबूल. आनंद?

एक्सरेवाला:
2 मिग्रॅचं निकोटीन गम दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. बहुतेक लोक ते च्युइंगगमसारखं सलग चावतात, मग उचकी, मळमळ, आणि ‘गम चालत नाही’ म्हणून सोडतात. झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावायचं, मग गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा दोन-चारदा. अर्धा तास पुरतं. आधीची 15 मिनिटं चहा-कॉफी नको, निकोटीन तोंडात शोषलं जात नाही.

घाटावरचा:
आणि विडीवाल्याला गमचं पाकीट कितीला पडतं ते पण लिहा, डॉक्टर.