मदत हवी आहे: एकाच उंदराची तीन वजनं, कोणतं खरं मानू?

जाणकारांनो, अडकलोय.

नामशेष झालेल्या एका छोट्या कृंतकाचं (उंदीर-खारींच्या गटातल्या प्राण्याचं) जिवंतपणीचं वजन काढायचंय. हाताशी आहे ते एवढंच: खालच्या जबड्याची पहिली दाढ आणि मांडीचं एक हाड, तेही गुडघ्याकडे तुटलेलं. दोन्ही एकाच थराचा गाळ चाळताना मिळाले.

पद्धत नेहमीचीच. आजच्या प्राण्यांची मापं आणि वजनं घेतली, दोन्हींचे लॉग काढून सरळ रेषा बसवली, त्या रेषेत जीवाश्माचं माप टाकलं. दाढेच्या क्षेत्रफळावरून (लांबी २.० मिमी, रुंदी १.२५) आले ४६ ग्रॅम. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून २१. त्याच हाडाच्या मधल्या घेरावरून ३३. तिन्ही रेषांची प्रमाणत्रुटी (अंदाज साधारण किती चुकतो त्याचं माप) १० पायाच्या लॉगमध्ये साधारण ०.१५ आहे.

गंमत म्हणजे तिघांची सरासरीही ३३च येते, त्यामुळे तेवढं लिहून मोकळं व्हायचा मोह होतोय. पण मन धजत नाही. शिवाय लॉग उलटवताना काहीतरी दुरुस्ती करतात म्हणे, ती काय भानगड आहे?

दाढदुखी:
आधी ती ०.१५ ग्रॅममध्ये आणून बघा. दोन प्रमाणत्रुटी म्हणजे ०.३, आणि लॉगमधले ०.३ म्हणजे दुप्पट किंवा निम्मं! म्हणजे तुमची दाढ म्हणतेय २३ ते ९२ ग्रॅम, लांबी म्हणतेय साधारण १० ते ४२, घेर म्हणतोय १६ ते ६६. २३ ते ४२ हा पट्टा तिघांनाही मान्य आहे. तुम्हाला भांडण दिसतंय, पण ते भांडतच नाहीयेत. सरासरी मात्र काढू नका. दाढ आणि मांडी एकाच जनावराची कशावरून? छोट्या प्राण्यांची हाडं बऱ्याचदा घुबडांनी ओकलेल्या गोळ्यांतून साठतात, एका गोळ्यात दोन-तीन जातीही सापडतात.

दुरुस्तीचं असं, की लॉगमधली सरासरी उलटवली की भूमितीय मध्य मिळतो, आणि तो साध्या सरासरीपेक्षा कमीच भरतो. तुमच्या त्रुटीला गुणक येतो साधारण १.०६. म्हणजे ४६ चे ४९. करा जरूर, पण दुप्पट-निम्म्याच्या खेळात या ६ टक्क्यांवरून झोप उडवून घेऊ नका. दाढ मोजताना लांबी-रुंदीत ०.०५ मिमी इकडेतिकडे झालं तरी वजन १० टक्क्यांनी हलतं.

खरी काळजी रेषा कोणत्या प्राण्यांची आहे याची करा. उरुग्वेतल्या जोसेफोआर्टिगासिया या महाकाय कृंतकाचं वजन २००८ साली कवटीवरून सुमारे १००० किलो काढलं होतं, त्याच वर्षी दुसऱ्या विश्लेषणात ते ३५० किलोच्या आसपास उतरलं. आजचा सगळ्यात मोठा कृंतक कॅपिबारा, तोही साधारण ५०-६० किलोचा. रेषा संपल्यावर पुढे कितीही लांब ओढता येते, हीच तिची खोड. लहान टोकालाही तेच: बॅटोडोनॉइड्स या नामशेष, चिचुंदरीसारख्या प्राण्याचं वजन दातांवरून १.३ ग्रॅम धरतात, आजच्या सगळ्यात हलक्या चिचुंदरीपेक्षाही कमी. तुमचा उंदीर रेषेच्या मधोमध बसतो, तेवढं नशीब.

साधी_पट्टी:
एक बाळबोध प्रश्न. गुडघ्याकडचं टोक नाही, मग लांबी कशी मोजली?

धागाकर्ता:
आहे ते हाड १४ मिमी आहे. टोकाचे अंदाजाने दीड मिमी धरले. 🙈

साधी_पट्टी:
वजन ढोबळमानाने लांबीच्या घनात वाढतं. तो दीड मिमी खरोखर अडीच असेल तर उत्तर २१ वरून २५ वर जातं. पण ते राहू द्या. हाड *तुटलंय* हे कशावरून म्हणता? भिंगाखाली शेवट बघा. काठ धारदार, वेडावाकडा असेल तर तुटलंय. बारीक लाटा-उंचवटे असलेला गोलसर पृष्ठभाग असेल, तर टोक अजून जुळलेलंच नव्हतं, ते निखळून पडलं. म्हणजे वाढ अजून पूर्ण न झालेलं जनावर. उगवलेल्या दाढेचं माप पुढे वाढत नाही, पायाचं हाड वाढत राहतं. त्यामुळे दाढ प्रौढाचं वजन सांगते आणि हाड त्या वाढत्या जनावराचं.

धागाकर्ता:
आत्ता भिंगाखाली पाहिलं. लाटाच आहेत! धारदार कड कुठेच नाही. आठवडाभर तुटलं-तुटलं म्हणत बसलो होतो.

म्हणजे २१ आणि ३३ बाजूला. दाढेचे ४९ ग्रॅम, पट्टा साधारण २५ ते ९८, असं लिहितो, आणि मांडीच्या हाडापुढे 'वाढ अपूर्ण, जात अनिश्चित'. चालेल ना?

दाढदुखी:
चालेल. रेषा कोणत्या गटाची, किती जातींची, तेही शेजारीच लिहा. आणि चाळलेल्या गाळात अजून दाढा असतील तर त्याही मोजा. एका दाढेवर जातीचं वजन ठरवणं माझ्या जिवावर येतं.