हरिकेनमधून तगलेली कुटुंबं: ‘चिवट’ म्हणून गौरव करायचा की हिशेब मांडायचा?

पागोळी (धागाकर्ता)

मोठ्या हरिकेनची (अटलांटिकमधल्या चक्रीवादळाची) वर्षपूर्ती आली की एक शब्द हमखास येतो: रेझिलियन्स. कुणी त्याला चिवटपणा म्हणतं, कुणी जिद्द. कॅटरिना हरिकेननंतर (२९ ऑगस्ट २००५) अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये ‘मला रेझिलियंट म्हणणं थांबवा’ अशा अर्थाची पोस्टर्स लागली होती. मी त्या पोस्टर्सच्या बाजूने आहे.

ज्या कुटुंबाला आपण चिवट म्हणतो, त्याला तग धरावी का लागली हे सांगायचं राहून जातं. न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला तो पूरभिंती आणि बांध फुटल्यामुळे. त्यांतल्या काही भिंती तर पाणी वरून वाहायच्या आधीच पायातून सरकल्या. ती चूक आराखड्याची होती.

नंतर घरबांधणीसाठी ‘रोड होम’ योजना आली. तिचं सूत्र असं होतं: दुरुस्तीचा खर्च आणि घराची वादळापूर्वीची किंमत, यांत जे कमी असेल त्यावरून अनुदान. समजा दोन घरं सारख्याच आकाराची, दोन्हींचा दुरुस्तीखर्च १,३०,००० डॉलर. एक महागड्या वस्तीत, दुसरं जिथे घरांना ६०,००० च्या वर भाव नव्हता अशा कृष्णवर्णीय वस्तीत. लाकूड, खिळे, मजुरी दोघांना त्याच दराने. पण दुसऱ्याचा हिशेब ६०,००० पासूनच सुरू. २००८ मध्ये यावर खटला झाला, २०११ मध्ये तडजोड झाली. तोवर अनेक कुटुंबांनी परतण्याचा विचार सोडला होता.

म्हणून माझं म्हणणं: पुतळा, पदक, भाषण यांआधी तीन गोष्टी व्हाव्यात. मृतांची खरी मोजणी, कागदांची अडवणूक दूर करणं आणि पुढच्या वादळात टिकेल असं छप्पर.

---

शिडकाठी

विरोध नोंदवतो. तुमचे तीनही मुद्दे मान्य, पण त्यासाठी चिवटपणा हा शब्दच टाकून द्यायचा हे पटत नाही. तो टाकला की कुटुंबं फक्त बळी उरतात, आणि त्यांनी प्रत्यक्ष काय केलं ते कुणी लिहूनच ठेवत नाही.

टेक्सासच्या किनाऱ्यावरचं गॅल्व्हस्टन घ्या. ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात किमान ६,००० माणसं गेली. अनेक अंदाज ८,००० च्या आसपासचे आहेत. मागे राहिलेल्यांनी १९०२ ते १९०४ मध्ये १७ फूट उंचीची समुद्रभिंत बांधली आणि मग सगळं गावच उचलायला घेतलं. दोन हजारांहून जास्त इमारती स्क्रू जॅकवर (पेच फिरवून वजन उचलायच्या साधनावर) चढवल्या. सेंट पॅट्रिक चर्चखाली ७०० जॅक लावले होते. सगळे एकाच वेळी, एका इशाऱ्यावर थोडे थोडे फिरवायचे, कारण एक कोपरा पुढे गेला की भिंतीला तडा. इमारत पाच फूट वर गेली. मग वाळू-पाण्याचा रगडा पंपाने खाली भरला. पाणी निघून गेलं, वाळू बसली. भराव चालू असेपर्यंत लोक उंच फळ्यांच्या वाटांवरून ये-जा करत होते. खाऱ्या भरावाने झाडं मेली, ती नव्याने लावली. १९१५ मध्ये पुन्हा मोठं वादळ आलं, तेव्हा गावातली जीवितहानी १९०० च्या मानाने अगदी थोडी होती.

याला कसब म्हणतात, आणि कसबाचा गौरव व्हायलाच हवा.

दुसरं उदाहरण तुमच्याच न्यू ऑर्लिन्सचं. शहराच्या पूर्व टोकाची व्हिएतनामी वस्ती, मेरी क्वीन ऑफ व्हिएतनाम चर्चभोवतीची. वीज नव्हती तरी लोक परतले. गिऱ्हाईक आहेच कुठे, हा वीज कंपनीचा प्रश्न, तर चर्चने परतलेल्यांची यादी करून पुढे ठेवली. वस्तीलगत चेफ मेंटूर रस्त्यावर वादळाचा मलबा टाकण्यासाठी कचराभूमी उघडली, ती २००६ मध्येच आंदोलन करून बंद पाडली. या कुटुंबांना ‘चिवट’ म्हणण्यात त्यांचा अपमान कुठे होतो?

---

पागोळी

@शिडकाठी, तुमची दोन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत.

गॅल्व्हस्टनची भिंत आणि भराव सार्वजनिक पैशातून झाले. घर उचलण्याचा खर्च मात्र घरमालकाच्या माथी होता. म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याचं घर वर. आणि गौरवकथेत न येणारी एक गोष्ट: प्रेतं बोटींवर चढवायला कृष्णवर्णीय पुरुषांना बंदुकीच्या धाकाने नेलं. ती प्रेतं समुद्रात सोडली, ती किनाऱ्याला परत आली, मग जागोजाग चिता पेटवल्या. अनेकांची नावंही नोंदली गेली नाहीत. २००० साली समुद्रभिंतीवर ब्राँझचं शिल्प बसलं: पुरुष, बाई आणि तिच्या कुशीत मूल. शिल्प चांगलं आहे. पण त्यातलं कुटुंब निनावी आहे, आणि ते तसं का आहे हे कळल्याशिवाय त्या शिल्पाचा अर्थ लागत नाही.

---

खिळेमोजणी

शब्दावर तुम्ही दोघं बोलालच. मी छपराबद्दल लिहितो, कारण तिथे ‘गौरव’ मोजता येतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढतो. ताशी १६० किमीचा वारा २०० झाला तर वेग सव्वापट, दाब दीडपटीहून जास्त. छपरावर तो दाब वरून खाली नसतो, छप्पर वर खेचलं जातं. वळचण आणि कोपरे इथे ओढ सर्वाधिक. वासा भिंतीवरच्या आडव्या लाकडाला तिरक्या खिळ्यांनी जोडलेला असेल तर तेच खिळे उपसून येतात. त्याऐवजी वाशावरून वळवलेला जस्तलेपित पोलादी पट्टा लावला की ताकद कित्येक पटींनी वाढते.

काम बिघडतं ते असं:

– पट्ट्याला जितकी भोकं तितके खिळे लागतात. दहा भोकं आणि सहा खिळे म्हणजे पट्टा फक्त दिसायला.
– वासा भिंतीला बांधला, पण भिंत पायाला बांधलीच नाही. मग छप्पर भिंतीसकट जातं. साखळी वाशापासून पायापर्यंत अखंड हवी.
– प्लायवूडच्या तक्त्यांचे खिळे वाशाला न लागता बाजूने हवेत गेलेले. खालून टॉर्च मारला की चमकतात. १९९२ च्या अँड्र्यू हरिकेननंतर दक्षिण फ्लोरिडात अशी छपरं ढिगाने सापडली, काही ठिकाणी तर खिळ्यांऐवजी स्टेपल. खिळे अंगावर वळे असलेले घ्यावेत, उपसायला गुळगुळीत खिळ्यांच्या जवळपास दुप्पट जोर लागतो. दोन खिळ्यांत अंतर सहा इंच, कडेला चार.
– गॅरेजचं रुंद दार आत कोसळलं की वारा घरात शिरतो, आणि छपराला आतून ढकल व बाहेरून ओढ एकदमच बसते.

अँड्र्यूनंतर नियम कडक झाले आणि १ मार्च २००२ पासून पूर्ण फ्लोरिडासाठी एक बांधकाम संहिता लागू झाली. माझ्या लेखी अँड्र्यूतल्या कुटुंबांचं सर्वात मोठं स्मारक हेच.

आता निळ्या ताडपत्रीचं पाहा. अमेरिकी लष्कराचं अभियंता दल वादळानंतर जी बसवतं ती साधारण ३० दिवसांच्या हिशेबाची असते. मारिया हरिकेननंतर (२० सप्टेंबर २०१७) पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावर ती कित्येक घरांवर वर्षानुवर्षं राहिली. ताडपत्री आढ्यावरून पलीकडे तीन-चार फूट न्यायची, कड लाकडी पट्टीला गुंडाळून ती पट्टी ठोकायची. नुसत्या ताडपत्रीत खिळा मारला की वारा त्याच भोकातून फाडत नेतो. ऊन तिला महिन्यांत ठिसूळ करतं. दोन वर्षं त्याखाली राहणाऱ्या कुटुंबाला चिवट म्हणताना मलाही जड जातं. पागोळींशी इथे सहमत.

---

शिडकाठी

खिळेमोजणी, प्रतिसाद उत्तम. पण नीट पाहा, यातलं निम्मं ज्ञान घरं पुन्हा उभी करणाऱ्यांनीच जमवलंय. बुडालेलं घर रिकामं करताना भिंतीचा जिप्सम बोर्ड पाण्याच्या रेषेच्या किमान फूटभर वर कापायचा, कारण पाणी बोर्डातून वर चढतं. आतली लाकडी चौकट पूर्ण सुकेपर्यंत भिंत बंद करायची नाही. ओलावामापक १५-१६ टक्क्यांच्या खाली आला की मगच. घाई केली की बुरशी आत वाढते आणि सहा महिन्यांनी तीच भिंत पुन्हा फोडावी लागते. जनरेटर दार-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब, पडवीत नाही, गॅरेजात तर नाहीच, कारण वादळातून वाचलेली माणसं नंतर त्याच्या धुराने जातात. हे सगळं एका घराने दुसऱ्याला शिकवलं. वर्षपूर्तीला भाषणाऐवजी ही शिकवणी ठेवा, मी खूश. तिला चिवटपणाचा गौरव म्हणायला मी कचरणार नाही.

---

नोंदवही

मोजणीचा मुद्दा मागे पडला, तो पुढे आणते.

मारियाचे अधिकृत मृत बराच काळ ६४ होते. ऑगस्ट २०१८ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर सरकारने २,९७५ हा आकडा मान्य केला. त्याआधी जूनमध्येच कुटुंबांनी पोर्तो रिकोची राजधानी सान हुआनमधल्या कॅपिटोलसमोर (विधानभवनासमोर) आपल्या माणसांच्या चपला-बूट मांडायला सुरुवात केली होती. काही जोडांत नावाच्या चिठ्ठ्या होत्या. मोजलं जात नाही म्हणून त्यांनी स्वतः मोजलं.

फरक एवढा का पडला? वीज गेल्यावर ऑक्सिजन यंत्र बंद, डायलिसिस चुकलं, इन्सुलिन गरम झालं. माणूस तीन आठवड्यांनी गेला आणि दाखल्यावर लिहिलं गेलं ‘हृदयविकार’. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वादळबळींसाठी एक्स३७ हा कोड आहे, पण दाखला भरणाऱ्या डॉक्टरने वादळाचा उल्लेख केला तरच तो लागतो. दाखल्याच्या दुसऱ्या भागात हातभार लावणारी कारणं लिहायची जागा असते. तिथे ‘हरिकेननंतर वीज नसल्याने ऑक्सिजन खंडित’ एवढं लिहिलं तरी पुरतं. डॉक्टरांना याचं प्रशिक्षण नव्हतं, हे त्याच अभ्यासात आलं.

आणि २,९७५ हा सांख्यिकीय अंदाज आहे, सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ मधल्या जादा मृत्यूंचा. ती नावांची यादी नाही. म्हणून ‘सगळी नावं दगडावर कोरा’ असं म्हणणाऱ्यांना विचारते: कुठली नावं? पत्रकारांनी घरोघर विचारून जी काही शे नावं जमवली, त्यापलीकडची कुणाकडे आहेत?

कागदांचं दुखणंही त्याच बेटावरचं. पिढ्यान्‌पिढ्या राहतं घर, पण वारसाहक्काची नोंदच कधी केलेली नाही. मालकी सिद्ध होत नाही म्हणून हजारो कुटुंबांचे मदतीचे अर्ज फेटाळले गेले. फेमाने (अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेने) नियम सैल केला तो सप्टेंबर २०२१ मध्ये. दुरुस्तीच्या पावत्या, स्थानिक अधिकाऱ्याचं पत्र, अगदीच काही नसेल तर स्वतःचं लेखी निवेदन चालू लागलं. चार वर्षांनी.

---

शिडकाठी

नोंदवहीताई, या प्रतिसादानंतर एक माघार घेतो: मोजणी आधी, समारंभ नंतर. शब्दावर मात्र ठाम आहे. त्या चपला मांडणं हाच चिवटपणा होता.

---

ओहोटी

स्मारक उभारणाऱ्यांसाठी दोन गोष्टी.

कॅटरिनानंतर शोधपथकांनी घरांवर स्प्रेने फुली मारली. डाव्या खणात पथकाचं नाव, वर तारीख-वेळ, उजवीकडे धोका (गॅसगळती, कुत्री वगैरे), खाली किती जिवंत, किती मृत सापडले. काही कुटुंबांनी ती फुली जपली, काहींनी तशीच लोखंडात घडवून दारावर लावली. काहींनी पहिल्याच दिवशी घासून काढली. दोन्ही बरोबर. बाहेरच्याने ती ‘वारसा’ ठरवू नये. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या चॅरिटी हॉस्पिटल दफनभूमीतलं २००८ चं स्मारक मला म्हणूनच योग्य वाटतं: ज्यांच्यावर कुणी हक्क सांगितला नाही अशांना आधी तिथे जागा दिली.

दुसरी गोष्ट पूररेषेची पट्टी. स्मरणही होतं आणि नवीन घर किती उंच बांधायचं तेही कळतं. पण रेषा चुकीची धरली जाते. सर्वात गडद डाग म्हणजे सर्वात उंच पाणी नव्हे, पाणी जिथे जास्त दिवस थांबलं तो डाग गडद होतो. कमाल पातळीची फिकट रेषा त्याच्या वर असते. बाहेरच्या भिंतीवर लाटांमुळे खूण उंच दिसते, म्हणून घरातली, शक्यतो कपाटाआडची रेषा घ्यावी. पट्टीवर तारीख आणि सर्वेक्षणाच्या संदर्भपातळीपासूनची उंची, दोन्ही हवं. नुसतं ‘जमिनीपासून इतके फूट’ लिहिलं तर जमीन खचणाऱ्या शहरात ते काही वर्षांत खोटं ठरतं.

---

पागोळी

ओहोटी, पट्टी मला मान्य. एक अडचण: घरावर पूररेषा दिसली की विकताना भाव पडतो, आणि कमी भावाच्या घरांचं रोड होममध्ये काय झालं ते वर लिहिलंच आहे.

---

ओहोटी

म्हणून ती विजेच्या खांबावर, शाळेच्या किंवा अग्निशमन केंद्राच्या भिंतीवर लावायची. खाजगी घरावर लावायची तर आधी घरातल्यांची लेखी संमती, आणि नको म्हणाले तर कारण विचारायचं नाही.