जपानातली समानता एकट्या मिटीची नाही
मिटीने (जपानचं तेव्हाचं व्यापार-उद्योग मंत्रालय) निवडक उद्योगांना हात दिला म्हणून जपानात विषमता कमी राहिली, असं म्हटलं जातं ते मला अर्धंच पटतं. मिटी आलं १९४९ साली, त्याच्या आधीच दुसऱ्या महायुद्धानंतर देश अमेरिकन ताब्यात असताना कुळांना जमिनी मिळायला लागल्या होत्या, झायबात्सू (बडे घराणेशाही उद्योगसमूह) यांची मक्तेदारी मोडायला घेतली होती, म्हणजे पाटी बऱ्यापैकी कोरी झालेली. आणि स्टील, जहाजं यांना स्वस्त कर्ज, परकीय चलन वगैरे मिळालं तरी त्यांच्या खालच्या छोट्या सबकॉन्ट्रॅक्टर वर्कशॉपमधल्या कामगाराचा पगार मोठ्या कंपनीपेक्षा बराच कमी असायचा, तिकडे याला 'दुहेरी रचना' असं नावच पडलं होतं. पुढे पगार वाढले त्यात १९५५ पासूनच्या शुंतोचाही (दर वसंतात युनियन एकत्र येऊन पगारवाढ मागतात ते) वाटा आहेच की. बाकी मिटीला सगळंच कळायचं असंही नाही, होंडाने कार बनवायच्या भानगडीत पडू नये असं त्यांचं मत होतं! पगारांतली ही फट परत रुंदावली ती नंतर, २००४ पासून कारखान्यांत एजन्सीमार्फत हाकेन (तात्पुरते, एजन्सीचे) कामगार घ्यायची मुभा मिळाली आणि २००८ च्या मंदीत सगळ्यात आधी त्यांनाच घरी बसवलं, घरी तरी कसलं, कित्येकांची नोकरीबरोबर मिळालेली खोलीही गेली.