चर्चा: उपासनेला येताना बुद्धी चपलांजवळ काढून ठेवायची का?

खानापूर_घाट
काल इथं एक पोस्ट पडली: "प्रार्थनेला डोकं लागत नाही, हृदय लागतं. अर्थ शोधत बसलात की आत्मा विझतो." खाली आमेनची रांग लागली, म्हणून सविस्तर लिहितो.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात ६:५ मध्ये देवावर प्रीती करायची आज्ञा आहे, तिथं अंतःकरण, जीव आणि शक्ती एवढंच आहे. मार्क १२:३० मध्ये येशू तीच आज्ञा सांगतो, तेव्हा चौथी गोष्ट येते: बुद्धी. आपण 'मन लावून' म्हणतो त्यात भावना आणि लक्ष दोन्ही येतं, म्हणून ही चौथी गोष्ट कानाला वेगळी लागतच नाही.

प्रभूची प्रार्थना घ्या. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' यातला 'जसे' अडकवणारा आहे. मी कुणाचं काय सोडलंय, हे डोळ्यांपुढं आणल्याशिवाय पुढचं 'तशी तू आमची ऋणे सोड' हे मागणं मागताच येत नाही. पण मंडळीत ती ओळ एका दमात निघून जाते. प्रत्येक मागण्यानंतर एक श्वास थांबा. जेमतेम मिनिटभर जास्त लागेल.

प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन लूथरनं १५३५ मध्ये आपल्या पेटर नावाच्या न्हाव्याला हेच लिहून दिलं. न्हाव्याचं लक्ष वस्तऱ्यावरून उडालं तर गिऱ्हाइकाचं नाक जाईल, तसंच प्रार्थनेचं. एक आज्ञा घ्यायची आणि तिचे चार पदर वळायचे: शिकवण काय, आभार कशाचे, कबुली कशाची, मागणं काय.

निपाणीकर
त्याच पत्रात लूथर म्हणतो की मधेच पवित्र आत्मा बोलू लागला तर ठरवलेली प्रार्थना सोडा आणि ऐका. ते गाळलंत. रोम ८:२६ मध्ये आत्मा शब्दांपलीकडच्या कण्हण्यानं विनंती करतो. घरात प्रेत असताना माणसानं चार पदर वळत बसायचं का? आणि १ करिंथ १४:३९ स्पष्ट सांगतं, भाषा, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेनं येणारी अनोळखी वाणी, बोलायला मना करू नका.

खानापूर_घाट
मना कोण करतंय? त्याच अध्यायात १९वं वचन आहे: मंडळीत दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच बरे. २७व्यात दोघं, फार तर तिघं, तेही पाळीपाळीनं, आणि एकानं अर्थ सांगायचा. आपल्याकडं कीबोर्डचा आवाज चढवून सगळे एकदम सुरू होतात, अर्थ सांगणारा कुणीच नसतो. जुन्या करारातल्या निपुत्रिक हन्नाचे प्रार्थनेत नुसते ओठ हलत होते, पण मागणं पक्कं होतं: मुलगा. दुःखातल्या माणसाबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र मान्य. त्याच्या वतीनं मंडळीनं समजून प्रार्थना करावी.

कॅम्पातली
तुम्हा लोकांची पुढची उडी आम्हा कॅथलिकांच्या जपमाळेवर असते, म्हणून आधीच सांगते. दहा 'नमो मरिया' हा एकेका रहस्यावर, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातल्या एकेका प्रसंगावर, मनन करायला दिलेला वेळ आहे. मननाशिवाय जपमाळ म्हणजे आत्म्याविना शरीर, असं पोप पॉल सहावे यांनी १९७४ मध्येच लिहिलंय. चुकतं ते इथं: रहस्याचं नाव घेतलं की लगेच 'हे आमच्या बापा' सुरू. मधे शुभवर्तमानातल्या दोन ओळी वाचा, थोडं गप्प बसा. 'येशू' या नावावर थांबा आणि त्या रहस्याचं एक वाक्य जोडा: 'ज्याला काटेरी मुकुट घातला'. मग दहाही वेळा ओठ एकीकडं नि मन बाजारात, असं होत नाही.

मार्कंडेय_काठ
मूळ दुखणं भाषेचं आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. १ करिंथ १४:१६: समजलं नाही तर माणूस आमेन कशाला म्हणेल? बेळगावात एकाच बाकावर मराठी, कन्नड, कोकणी माणसं बसतात. पाळक अर्धं वाक्य प्रार्थना करतात, दुभाषी अर्धं कन्नडात आणतो. क्रियापद मराठीत शेवटी आणि कन्नडातही शेवटी, त्यामुळं अर्ध्या वाक्यात मागितलं काय, ते दोघांनाही कळत नाही.

चिकोडीचा
सीमावाद देवळात आणू नका! कन्नड गाणी मराठी पोरं आनंदानं म्हणतात की.

मार्कंडेय_काठ
म्हणतात, पण देवनागरीत लिहिलेली. कन्नडात ऱ्हस्व आणि दीर्घ 'ओ'ला वेगळी अक्षरं आहेत, आपल्याकडं एकच. ऱ्हस्व 'कोडु' म्हणजे दे, दीर्घ 'कोडु' म्हणजे शिंग. पोरगं देवाकडं काय मागतंय, ते त्यालाच ठाऊक नाही. यात वाद कसला काढताय? मी कन्नड काढा म्हणत नाही, शिकवा म्हणतोय.

चिकोडीचा
मग हे मराठी माणसानं आधी स्वतःला सांगावं. दोन पिढ्या इथं राहून कन्नड पाटी वाचता येत नाही आणि दोष लिपीला!

कॅम्पातली
दोघंही थांबा. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ मध्ये उपासनेत लोकांचा सहभाग पूर्ण, जाणता आणि सक्रिय हवा असं म्हटलं. त्यातला 'जाणता' शब्द तुम्हा दोघांनाही लागू आहे. सामुदायिक विनंत्या आदल्या संध्याकाळी लिहून काढा. एका विनंतीला एकच वाक्य, दहा-बारा शब्दांचं. मराठीत पूर्ण म्हणा, थांबा, कन्नडात पूर्ण म्हणा, मग आमेन. विनंत्या पाचच ठेवा, नाहीतर चौथ्यानंतर लोक घड्याळ बघतात.

निपाणीकर
लिहिलेली प्रार्थना मला पटत नाही आणि पटणारही नाही. पण अर्ध्या वाक्याच्या भाषांतरानं प्रार्थना तुटते, एवढं खरं आहे. भाषा बोलणाऱ्यानंतर अर्थ सांगणारा हवा, तेही वचनातच आहे, ते नाकारत नाही. कीबोर्डवर मात्र वेगळा धागा काढा, त्यावर मला बरंच बोलायचंय.