कॅड शिकायला सुरुवात: आधी टूडी की थेट थ्रीडी?

टूलरूम_भोसरी

भाचा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत त्याला कॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग आणि डिझाइन करणं, शिकायचं आहे. क्लासमध्ये सांगितलं, आधी दोन महिने ऑटोकॅडवर टूडी, ते पक्कं झालं की थ्रीडी. मला हा क्रम पटत नाही. मेकॅनिकलच्या मुलाने पहिल्या दिवसापासून पॅरामेट्रिक (माप बदललं की मॉडेलही बदलतं असं) थ्रीडीच शिकावं असं माझं ठाम मत आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर खोडून काढा, कारण पोराचे दोन महिने आणि बहिणीचे पैसे दोन्ही यात जाणार आहेत.

टूडीत तुम्ही एलिव्हेशन, प्लॅन आणि साइड व्ह्यू अशी तीन वेगवेगळी चित्रं काढता. भोक १२चं १४ केलं तर ते तिन्हीकडे आठवणीने बदलावं लागतं. थ्रीडीत वस्तू एकच, व्ह्यू तिच्यातून निघतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कन्स्ट्रेन्ट. ही रेष त्या रेषेला समांतर, हे भोक कडेपासून २०वर, ही दोन वर्तुळं एककेंद्री, असं एकदा सांगितलं की एक माप बदलल्यावर बाकीचं आपोआप जागेवर येतं. ही कल्पना नवी नाही. १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलँड यांच्या स्केचपॅडमध्ये ती होती, लाइट पेनने पडद्यावर रेष काढायची आणि तिला अट घालायची. १९८२च्या शेवटी ऑटोकॅड पीसीवर आलं ते मात्र ड्रॉइंग बोर्डाच्या जागी. त्यात अशा अटी घालायची सोय २०१०च्या आवृत्तीत आली. दरम्यान १९८८मध्ये प्रो-इंजिनिअर आणि १९९५मध्ये सॉलिडवर्क्स येऊन मेकॅनिकलचं डिझाइन त्या वाटेने कधीच पुढे निघून गेलं होतं. मग पोरांना आपण अजून बोर्डाच्या सवयी का लावतो?

---

पत्राकाम (शिरोली)

तीव्र असहमत. माझं लेझर कटिंग आणि बेंडिंगचं काम आहे. रोज डीएक्सएफ (कापायच्या आकाराच्या टूडी ड्रॉइंगच्या) फाइली येतात आणि त्यातल्या बऱ्याच थ्रीडी शिकलेल्या नव्या मुलांच्या असतात. बाहेरची कड एका जागी अर्धा एमएम उघडी, त्यामुळे मशीनला आकार बंदच सापडत नाही. एका रेषेवर दुसरी तीच रेष पडलेली, म्हणजे मशीन तिथून दोनदा जाणार आणि कड जळणार. फाइल इंचात की एमएममध्ये तेही ठाऊक नसतं.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे डायमेन्शनचा आकडा हाताने बदलणं. ड्रॉइंगवर लिहिलंय ५०, प्रत्यक्षात रेष आहे ४८.७ची. लेझर आकडा वाचत नाही, रेष वाचतं. पन्नास पीस कापून झाल्यावर कळलं तर पत्रा कोणाच्या नावावर टाकायचा? टूडी नीट शिकलेला मुलगा एकास एक काढतो, लेयर वेगळे ठेवतो, ऑब्जेक्ट स्नॅप चालू ठेवून टोकाला टोक जोडतो. ही शिस्त टूडीतच लागते.

---

टूलरूम_भोसरी

@पत्राकाम, तुमच्या तक्रारी शंभर टक्के खऱ्या, पण त्या माझ्याच बाजूने बोलतात. आकडा हाताने बदलायची सवय टूडीत लागते. पॅरामेट्रिक स्केचमध्ये आकडा आणि रेष वेगळे राहूच शकत नाहीत, ५० लिहिलं की रेष ५०ची होते. शीट मेटल मॉडेलवरून उलगडलेला फ्लॅट पॅटर्न (वाकवण्याआधीचा सपाट आकार) थेट डीएक्सएफ केला तर उघडी कडही राहत नाही आणि रेषेवर रेषही पडत नाही.

---

निवृत्त निदेशक

मी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन मेकॅनिकलच्या तुकड्या शिकवल्या. माझ्या मते तुम्ही दोघेही मधूनच सुरुवात करताय.

मुलाला कागदावर दोन व्ह्यू द्या आणि तिसरा पेन्सिलने काढायला सांगा. जमलं तर कुठल्याही सॉफ्टवेअरवर बसवा. नाही जमलं तर थ्रीडी त्याला वाचवणार नाही, फक्त त्याची उणीव झाकून टाकेल. एक अगदी रोजचं उदाहरण सांगतो. आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन वापरतात, म्हणजे उजवीकडून दिसणारा व्ह्यू डावीकडे काढतात; अमेरिकन ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतं, तिथे तो उजवीकडेच येतो. सॉफ्टवेअरचा टेम्प्लेट थर्ड अँगलचा निघाला तर तो उजवा व्ह्यू उजवीकडे ठेवून मोकळा होतो. मुलाने व्ह्यू स्वतः कधी काढलेलेच नसतील तर त्याच्या लक्षातही येत नाही. टायटल ब्लॉकमधल्या (ड्रॉइंगच्या माहितीच्या चौकटीतल्या) कापलेल्या शंकूच्या चिन्हाकडे, जे कुठला अँगल ते सांगतं, त्याची नजर जात नाही. वर्कशॉपमधला माणूस फर्स्ट अँगल समजून जॉब करतो आणि ब्रॅकेट आरशातला होऊन बाहेर येतो. तिथे सगळी मापं बरोबर असतात आणि जॉब भंगारात जातो.

बोर्ड आणि मिनी ड्राफ्टर घेऊन महिने घालवा असं मी म्हणत नाही. ग्राफ पेपर, एचबी पेन्सिल आणि दोन आठवडे पुरेत. एसपी ४६ हे भारतीय मानक ब्यूरोचं पुस्तक शाळा-कॉलेजसाठीच आहे, रेषांचे प्रकार आणि डायमेन्शन द्यायची पद्धत त्यातून घ्यावी.

---

सिव्हिलवाली

इथे सगळे मेकॅनिकलवाले दिसताय म्हणून लिहिते. आमच्याकडे टूडी सोडून चालतच नाही. बांधकाम परवानगीचा प्लॅन ठरलेल्या लेयरवर काढून द्यावा लागतो, साइटवर सेंटरलाइन प्लॅन लागतो, स्टीलचं ड्रॉइंग लागतं. बीआयएम (इमारतीचं माहितीसकट थ्रीडी मॉडेल) शिकावंच, पण नवीन मुलीला पहिली नोकरी ऑटोकॅडवर मिळते. कृपया "आता टूडी संपलं" असं सरसकट लिहू नका, वाचणारी मुलं ते खरं धरतात.

---

टूलरूम_भोसरी

@सिव्हिलवाली, ताई, मान्य. माझं म्हणणं मेकॅनिकलपुरतंच आहे.

@निवृत्त निदेशक, सर, ब्रॅकेटचं उदाहरण पटलं. तरी एक विचारतो. ज्याला दोन व्ह्यूंवरून तिसरा डोळ्यापुढे आणता येत नाही, त्याला मॉडेल फिरवून दाखवणं हाच उत्तम धडा नाही का? मॉडेल समोर फिरत असताना तोच व्ह्यू कागदावर काढू दे.

---

निवृत्त निदेशक

एका अटीवर चालेल. आधी कागदावर काढायचं, मग मॉडेल फिरवून तपासायचं. उलट केलं की मुलं पडद्यावरचं उतरवून घेतात. डोक्यात वस्तू फिरवण्याची ताकद येते ती चुकीचा व्ह्यू काढून, तो का चुकला हे स्वतः शोधल्यावर. आयते उत्तर समोर असेल तर शोधणार कोण?

---

सीएनसी_सातपूर

निदेशक सरांना +१. भर एवढीच की सुरुवात ना पेन्सिलने व्हावी ना माउसने, व्हर्नियरने, म्हणजे मापाच्या कॅलिपरने, व्हावी.

यूट्यूब बघून मुलं कारचं अलॉय व्हील काढतात, रेंडर करून स्टेटसला लावतात. मग मी विचारतो, या शाफ्टला बेअरिंग बसणार आहे, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) काय देशील? उत्तर नसतं. मॉडेलमध्ये २५चा शाफ्ट आणि २५चं भोक छान बसलेलं दिसतं. मशीनवर नुसता २५ असा साइज निघत नाही. फिरता पण बिनखडखडीचा फिट हवा असेल तर एच७-जी६ ही भोक-शाफ्टची प्रमाणित जोडी घेतात. म्हणजे भोक २५.०००पासून २५.०२१पर्यंत आणि शाफ्ट २४.९८०पासून २४.९९३पर्यंत. कमीत कमी सात मायक्रॉनची फट राहणारच. हे पडद्यावर दिसत नाही, ड्रॉइंगवर लिहावं लागतं. म्हणून टूडी ड्रॉइंगला मी अजून मान देतो. मॉडेल आकार सांगतं, पण मशीनवरच्या माणसाला काय सांभाळायचं आणि कुठे सैल सोडायचं हे ड्रॉइंगच सांगतं.

आणि सगळीकडे ±०.०१ लिहिणं हीसुद्धा नवशिक्यांचीच खोड. त्या एका आकड्याने जॉबची किंमत कित्येक पट होते. जिथे गरज नाही तिथे आयएसओ २७६८-एम हे सर्वसाधारण टॉलरन्सचं मानक लिहून मोकळं व्हावं. त्यात ३० ते १२० एमएमच्या मापाला ±०.३ मिळतो.

---

मुक्त_कॅड

चर्चा छान चालू आहे, पण पोर शिकणार कशावर? मी फ्रीकॅड सुचवतो. फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतं, फाइल आपल्याच संगणकावर राहते आणि उद्या कोणी लायसन्स बंद केलं म्हणून काम अडत नाही. नुसतं टूडी हवं तर लिब्रेकॅड आहे.

---

डिझायनर_चाकण

@मुक्त_कॅड, विचार चांगला, पण इंटरव्ह्यूला कोणी फ्रीकॅड विचारत नाही. सॉलिडवर्क्स, क्रिओ, कॅटिया, एनएक्स हेच विचारतात. शिवाय फ्रीकॅडमध्ये मागचं माप बदललं की पुढचं मॉडेल मोडतं. नवशिक्याला वाटतं चूक आपलीच, आणि तो सोडून देतो. इतरांसारखं क्रॅक टाकून सॉलिडवर्क्स शिकावं, शिकण्यापुरतं कोण विचारतंय?

---

मुक्त_कॅड

मॉडेल मोडतं त्याचं कारण सांगतो, म्हणजे मुलगा घाबरणार नाही. प्रोग्राम प्रत्येक पृष्ठाला क्रमांकाने ओळखायचा, समजा फेस ६. मागे एक खाच वाढवली की तेच पृष्ठ फेस ७ होतं आणि फेस ६वर काढलेलं स्केच भलत्याच जागी जाऊन बसतं. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत हा त्रास पुष्कळ कमी झाला. तरी स्केच शक्यतो मूळ प्रतलांवर किंवा स्वतः केलेल्या डेटम प्लेनवर (आधाराच्या कल्पित प्रतलावर) काढावं, पृष्ठावर चिकटवू नये. ही सवय सॉलिडवर्क्समध्येही कामाला येते.

नोकरीचं म्हणाल तर फुली कन्स्ट्रेन्ड (सगळी मापं आणि अटी घातलेलं) स्केच म्हणजे काय हे कळलं की दुसरं पॅकेज शिकायला फार वेळ लागत नाही. फ्रीकॅडमध्ये ते हिरवं होतं, सॉलिडवर्क्समध्ये निळ्याचं काळं होतं. समज तीच.

क्रॅकबद्दल मात्र मी तुमच्याशी कडक भांडणार. ते चोरीचं आहे, आणि अँटिव्हायरस बंद करून कुठल्याशा साइटवरची फाइल चालवायची म्हणजे घरातल्या संगणकावरची बँकेची कामंसुद्धा उघड्यावर टाकायची. मुलगा डिप्लोमाला आहे. ऑटोकॅड आणि फ्यूजन बनवणाऱ्या ऑटोडेस्कचं विद्यार्थी लायसन्स पात्र विद्यार्थ्यांना कॉलेजचा पुरावा देऊन फुकट मिळतं, वर्षाने नूतनीकरण करायचं. फ्यूजनचं वैयक्तिक लायसन्सही फुकट आहे, बदल करता येतील अशा फाइली एका वेळी दहाच आणि धंद्यासाठी वापरायचं नाही. ऑनशेप ब्राउझरमध्ये चालतं म्हणून साध्या लॅपटॉपवरही जमतं. पण त्याच्या फुकट योजनेत प्रत्येक फाइल जगाला दिसते. म्हणून कंपनीचा पार्ट त्यात कधीही टाकू नये, ट्रेनिंगला असताना तर मुळीच नाही.

---

डिझायनर_चाकण

क्रॅकचा मुद्दा मागे घेतो, विद्यार्थी लायसन्स असताना गरजच नाही. बाकी माझं मत कायम. ज्या गावात ज्या कंपन्या आहेत त्या जे वापरतात ते शिका. ज्या मुलाला तीन महिन्यांत कमावणं भाग आहे त्याला "समज तीच" सांगून भागत नाही. रेझ्युमेवर पॅकेजचं नाव नसेल तर तो इंटरव्ह्यूपर्यंत पोचतच नाही.

---

पत्राकाम (शिरोली)

@टूलरूम_भोसरी, तुमच्या फ्लॅट पॅटर्नच्या उत्तरावर बोलायचं राहिलं होतं. थेट थ्रीडीचा खरा धोका तिथेच आहे.

फ्लॅट पॅटर्न सॉफ्टवेअर उलगडतं ते के-फॅक्टर (वाकताना न ताणला जाणारा थर जाडीत कुठे आहे तो आकडा) धरून, आणि नवीन मुलगा तिथे जो आकडा आयता असतो तोच ठेवतो. हिशोब करून दाखवतो. २ एमएम पत्रा, आतली त्रिज्या २ एमएम, ९० अंशाचं बेंड. के ०.५ धरला तर बेंडमध्ये जाणारी लांबी ४.७१ एमएम, ०.३३ धरला तर ४.१८. एका बेंडला अर्ध्या एमएमहून जास्त फरक. चार बेंडची पेटी केली तर फरक २ एमएमच्या वर जातो आणि झाकण बसत नाही. मॉडेलमध्ये काहीच चुकलेलं दिसत नाही, कारण मॉडेलला माझी व्ही-डाय, माझा पंच (ही वाकवायची हत्यारं) आणि माझा पत्रा ठाऊक नाही.

टूडीत ब्लँक (वाकवण्याआधीचा पत्रा) स्वतः काढणारा मुलगा निदान मला फोन करून विचारतो, "बेंडला किती वजा धरू?" थ्रीडीवाला विचारत नाही, त्याला वाटतं सॉफ्टवेअरने काढलंय म्हणजे बरोबरच.

---

टूलरूम_भोसरी

@पत्राकाम, दादा, हा मुद्दा खोडता येत नाही. पण तो टूडीच्या बाजूचा आहे असंही मला वाटत नाही. तो विचारण्याच्या सवयीचा आहे. टूडीतही चुकीची वजावट पाठ करून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

भाच्यासाठी आता असं ठरवतोय. दोन आठवडे सरांचा ग्राफ पेपर. मग थेट पॅरामेट्रिक, विद्यार्थी लायसन्सवर. क्लासचे दोन महिने टूडी नाहीच, त्यावर माझं मत बदललेलं नाही. पहिला जॉब यूट्यूबवरचा नाही, घरातलं बिजागर किंवा जी-क्लॅम्प. व्हर्नियरने मोजायचं, मॉडेल करायचं, ड्रॉइंग काढायचं, टॉलरन्स लिहायचे. मग मी त्यातलं एक मुख्य माप बदलणार. मॉडेल मोडलं तर स्केच पुन्हा काढायचं.

---

सीएनसी_सातपूर

माप बदलून बघायची परीक्षा उत्तम. आमच्याकडे नवीन मुलाला हीच देतो. त्यात एक जोडा, त्याचं ड्रॉइंग त्याच्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलाला द्या आणि एकही प्रश्न न विचारता तो पार्ट पुन्हा मॉडेल करायला सांगा. कुठलं माप राहिलं, कुठलं दोनदा लिहिलं, सगळं उघडं पडतं.

---

निवृत्त निदेशक

बिजागर निवडलंत हे फार छान. पिन, भोक आणि फट तिन्ही गोष्टी त्यात आहेत.

---

पत्राकाम (शिरोली)

टूडीवरून तुमचं माझं जमणार नाही, ते राहू दे. पोराकडून शीट मेटल करून घेणार असाल तर मॉडेलच्या आधी हे करवून घ्या. जवळच्या बेंडिंगवाल्याकडे जायचं, २ एमएम पत्र्याची बरोबर १०० एमएमची पट्टी कापून घ्यायची, मधोमध ९० अंशात वाकवायची. दोन्ही बाजू बाहेरून व्हर्नियरने मोजायच्या, बेरजेतून १०० वजा करायचे. जे उरेल ती त्या मशीनची, त्या डायची, त्या पत्र्याची बेंड डिडक्शन. तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा. डाय बदलली की पट्टी नवीन.