मदत हवी आहे: एफ-१ विद्यार्थी व्हिसावर आरएचे (वसतिगृहात राहून तिथल्या मुलांकडे लक्ष देणाऱ्या रेसिडेंट असिस्टंटचे) तास कसे मोजायचे?
नमस्कार मंडळी. अमेरिकेत एफ-१वर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, तेही सगळ्या नोकऱ्या मिळून. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठीची पिअर मेंटॉरशिप टाइमशीटवर असते, तिचा हिशेब सोपा. खरी अडचण वसतिगृहातल्या आरएची. मोबदला बहुधा खोली-जेवणाचा, तरी ते कामच धरलं जातं. मग रात्रीच्या ऑन-कॉल ड्यूटीत फोन उशाशी ठेवून झोपलेले तास मोजायचे, की फक्त प्रत्यक्ष धावपळीचे? २० ओलांडले तर स्टेटसच धोक्यात येतं, अंदाजावर राहून चालणार नाही. आरए राहिलेल्यांनी कृपया सांगा: ऑफर लेटरमध्ये साप्ताहिक तास लिहिलेले होते का? डीएसओकडून (विद्यापीठात एफ-१ विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडून) लेखी उत्तर घेतलं होतं का? दोन्ही नोकऱ्या एकत्र कोणी सांभाळल्या आहेत का?